पावसाळ्यात कॅमेरा कशात ठेवायचा: हवाबंद डबा की ड्राय कॅबिनेट?

मुंबईत आणि कोकणात पाऊस लागला की हवेतली आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वरच असते. लेन्सवर बुरशी धरायला ६५-७० टक्के पुरतात. लेन्समधून आरपार टॉर्च मारून जरा तिरकं पाहा. काठाकडून आत सरकणारे कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती धूळ नाही. बुरशीतून पाझरणारं आम्ल काचेवरचं कोटिंग खातं, मग लेन्स खोलून पुसली तरी डाग राहतो. म्हणून कॅमेरा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा.

स्वस्तातला मार्ग म्हणजे झाकणाला रबरी रिंग असलेला दहा लिटरचा डबा, त्यात ओलावा शोषणारं १०० ग्रॅम केशरी सिलिका जेल आणि आर्द्रता मोजणारा छोटा डिजिटल हायग्रोमीटर. निळं जेल घेऊ नका, त्यात विषारी कोबाल्ट क्लोराइड असतं. डबा सारखा उघडला की जेल वाया जातं, असं बरेच जण म्हणतात. हिशेब मात्र वेगळं सांगतो. ३० अंशांना ९० टक्के दमट असलेल्या दहा लिटर हवेत पाणी असतं जेमतेम पाव ग्रॅम, आणि १०० ग्रॅम जेल वीसेक ग्रॅम पाणी सहज पितं. जेल सादळतं ते घामेजलेल्या पट्ट्यामुळे, ओल्या बॅगेमुळे आणि सैल झाकणामुळे. पट्टा काढून वेगळा वाळवा. बॅग डब्यात नकोच, चामड्याचं कव्हर तर अजिबात नको.

केशरी दाणे हिरवट झाले की ओव्हनमध्ये ११० अंशांवर दोन तास तापवायचे. याहून जास्त तापवलं तर रंग जळतो आणि पुढे जेल कधी भरलं ते कळत नाही. दुसरी चूक उलटी: अर्धा किलो ताजं जेल ओतलं की आर्द्रता ३० च्या खाली जाते. महिनोन्‌महिने तसंच राहिलं तर ग्रिपचं रबर आणि आतलं वंगण सुकतं. आकडा खाली गेला तर थोडं जेल काढून घ्या. तांदूळ वापरू नका, त्याचा कोंडा माउंटमध्ये, म्हणजे लेन्स जिथे कॅमेऱ्याला बसते तिथे, जातो.

ड्राय कॅबिनेट म्हणजे आतली आर्द्रता स्वतःच कमी ठेवणारं विजेवरचं कपाट. किंमत डब्याच्या कितीतरी पट, पण वीज नगण्य लागते. आकडा ४५ वर लावला की काम संपलं. पेल्टियर प्रकारात (विजेने एक बाजू गार होणारी चकती असलेल्या) आतली वाफ गार पट्टीवर धरून मागून बाहेर टाकली जाते, म्हणून मागे चार बोटं जागा सोडा. वीज गेली तरी दार घट्ट असेल तर काही तास बिघडत नाही. दरवाज्याची रबरी पट्टी मात्र दर पावसाळ्याआधी कागद अडकवून ओढून पाहा. सहज निघाला तर पट्टी गेली.

कॅबिनेटचा असो वा डब्यातला, हायग्रोमीटर खोटं बोलू शकतो. बाटलीच्या बुचात मीठ घेऊन थेंबभर पाण्याने ओलसर करा, मीटरसोबत झिपच्या पिशवीत आठ तास ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ७० आला तर यापुढे पाच मिळवून वाचा.

एक बॉडी, दोन लेन्स आणि महिन्यातून एकदा डबा उघडून पाहण्याची शिस्त असेल तर कॅबिनेटवर पैसे घालू नका. चार-पाच लेन्स असतील, घर समुद्राकाठी असेल किंवा जेल तापवायचं हमखास राहून जात असेल, तर ३० लिटरचं कॅबिनेट घ्या. पुण्यापलीकडे देशावर बहुतेकांना डबा पुरतो.