परदेशातूनच करार की आधी तात्पुरती जागा?

दुसऱ्या देशात राहायला जायचंय आणि भाड्याच्या घराच्या जाहिरातीत आहेत फक्त चार फोटो, क्षेत्रफळ आणि भाडं. मजला कितवा, उजेड कुठून येतो, पाण्याला दाब आहे का, कशाचाच पत्ता नाही. एवढ्यावर इथे दूर बसूनच वर्षाचा करार करायचा, की तिथे पोचून काही आठवडे सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये (थोड्या मुदतीसाठी मिळणाऱ्या सुसज्ज घरात) राहून घर शोधायचं?

पहिल्या पर्यायात सामान एकदाच हलतं, मुलांच्या शाळेसाठी पत्ताही हाताशी असतो. पण सगळी मदार व्हिडिओ कॉलवर. तो थेटच हवा, आधी रेकॉर्ड केलेला चालणार नाही. नळ पूर्ण सोडायला सांगा, खिडकी उघडून कॅमेरा बाहेर फिरवायला सांगा, सिंकखालचं कपाट उघडायला लावा. ओल आणि गळती बहुधा तिथेच सापडते. वाइड अँगल लेन्समुळे खोली ऐसपैस भासते, म्हणून भिंती टेपने मोजून दाखवायला सांगा. जाहिरातीतले फोटो गूगल लेन्समध्ये, म्हणजे फोटोवरून शोध घेणाऱ्या गूगलच्या साधनात, टाकून पाहा. तेच घर दुसऱ्या शहराच्या जाहिरातीत दिसलं तर विषय संपला. मालकीचा पुरावा दाखवण्याआधी टोकन मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा, मग तो कितीही गोड बोलो.

दुसरा पर्याय सहसा महाग पडतो आणि बॅगा दोनदा भराव्या लागतात. पण रात्री रस्त्यावर किती गोंगाट असतो, हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही.

एकट्या माणसाला मी दुसरा पर्यायच सुचवेन. कुटुंब सोबत असेल आणि घर बघून येणारं ओळखीचं कोणी तिथे असेल, तर पहिला चालेल. मुदतीआधी घर सोडण्याचं कलम मात्र सहीपूर्वी वाचा.