कासचं पठार, गुडघे आणि मोबाइलचा कॅमेरा: ज्येष्ठांच्या एका सहलीबद्दल

एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून नोकरी झाली, त्यामुळे सहलीचं पत्रक हातात आलं की मी फोटो नंतर बघतो, आधी वेळा बघतो. ‘साठीपुढच्यांसाठी निसर्गफेरी आणि छायाचित्रण, कास पठार, दोन दिवस, एक मुक्काम, माणशी ५८०० रुपये’ असं ते पत्रक होतं. पहिल्या दिवसाच्या रकान्यात दोनच नावं: कास पठार आणि कुमुदिनी तलाव. तेवढं वाचूनच मी सौ.ला म्हटलं, हे लोक शहाणे दिसतात, पैसे भरून टाक. दुसऱ्या दिवसाचा रकाना मात्र गच्च होता. त्याकडे येतोच.

आयोजकांचं नाव लिहीत नाही. पुण्यात असे गट आता बरेच झालेत आणि मला जे सांगायचंय ते त्यातल्या कुणालाही लागू पडेल.

आम्ही गेलो सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, मंगळवार-बुधवारी. वार मुद्दाम सांगतोय. पठारावर दिवसाला ३००० माणसांची मर्यादा ठरवलेली आहे आणि पास आधी ऑनलाइन काढावा लागतो, तरी शनिवार-रविवारी तिथे फुलांपेक्षा माणसं जास्त दिसतात. गाड्या लांब उभ्या कराव्या लागतात, तिथून बसने आत. साठीपुढच्या माणसाला रविवारी कासला नेणारा आयोजक दिसला तर सरळ नाही म्हणा. आम्हाला सुट्टीचं कौतुक काय? आमचे सगळेच वार सारखे.

गाडी ३२ आसनी, माणसं २०. म्हणजे ज्याला हवी त्याला खिडकी आणि पिशवी ठेवायला शेजारची जागा. दाराशी एक लाकडी पाट ठेवलेला, कारण अशा गाड्यांची पहिली पायरी उंच असते आणि गुडघा तिथेच पहिली तक्रार करतो. पाट ठेवायचं ज्याला सुचलं त्याला मी पूर्ण गुण देतो. स्वारगेटहून साडेपाचला निघायचं होतं, पाच पस्तीसला निघालो. साताऱ्यापर्यंत दोनदा थांबलो आणि दोन्ही वेळा स्वच्छतागृह बघून थांबलो, चहा बघून नाही. सोबतची ताई, असेल अठ्ठावीस-तीसची, यवतेश्वरचा घाट चढताना माइकवर म्हणाली, “काका-काकू, वाहनतळावर सोय आहे, तिथे सगळ्यांनी जाऊन या. पुढे दोन तास काही नाही.” हे वाक्य किती मोलाचं आहे ते तिच्या वयाच्या माणसाला कळणं अवघड, पण तिला कळलं होतं.

आता पठार. समुद्रसपाटीपासून साधारण १२०० मीटर, साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटर. खाली जांभा दगड आणि त्यावर मातीचा अगदी पातळ थर. झाडं उभी राहतील एवढी खोली नाही, म्हणून पावसाळ्यापुरती उगवणारी ही लहान लहान रोपं. सपुष्प वनस्पतींच्या साडेआठशेहून जास्त जातींची इथे नोंद आहे आणि २०१२ साली पश्चिम घाटाचा जो भाग जागतिक वारसा म्हणून जाहीर झाला त्यात कास आहे. हे सगळं आमच्या सोबतच्या सरांनी सांगितलं. सर वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, म्हणजे आमच्यातलेच. चार-पाच वाक्यं बोलायचे आणि गप्प बसायचे. निवृत्त प्राध्यापकात हा गुण मी फार कमी बघितलाय.

सरांचा एकच आग्रह होता: एका जागी अर्धा तास. मला आधी वाटलं, अर्धा तास काय करायचं? दहा मिनिटं जांभळं दिसतं, तेवढंच. पंधराव्या मिनिटाला कळायला लागलं की ते जांभळं एक नाही. वरचा पसारा तेरड्याचा, त्याच्या बुडाशी ओलीत निळसर जांभळी इवली फुलं, ती सीतेची आसवं. मधूनमधून पांढऱ्या गोळ्यांचे गेंद, पिवळी सोनकी, आणि मिकी माउसचे कान असलेली कवल्याची फुलं. सीतेची आसवं एवढी नाजूक दिसतात, पण कीटकभक्षी. मुळांच्या जागी बारीक फुगे असतात, त्यात पाण्यातले सूक्ष्म जीव ओढले जातात. मातीत नत्र कमी, मग दुसरीकडून मिळवायचं. “जिथे पगार कमी तिथे वरकमाई,” आमच्यातले एक निवृत्त तलाठी म्हणाले. सगळे हसले, पण त्यांची पत्नी हसली नाही.

टोपली कारवीची उलट्या टोपलीसारखी झुडपं होती, फुलं नव्हती. ती सात-आठ वर्षांनी एकदा सगळी मिळून फुलते. पुढच्या बहराला आपण असू का, हा हिशेब गटातल्या प्रत्येकाने मनात केला असणार. उघड केला तो फक्त एका आजींनी, आणि आयोजकांना विचारलं की तेव्हाचं आरक्षण आत्ता करता येईल का.

छायाचित्रणाचा भाग मला वाटलं त्यापेक्षा फार बरा निघाला. माझ्याकडे मुलाने टाकून दिलेला मोठा कॅमेरा, सौ.कडे तिचा मोबाइल. शिकवणाऱ्या मुलाने कॅमेऱ्याच्या गोष्टी कमी आणि आमच्या शरीराच्या गोष्टी जास्त सांगितल्या. हात थरथरतो? कोपरं बरगड्यांना चिकटवा, श्वास सोडून मग बटण दाबा, नाहीतर दोन सेकंदांचा टायमर लावा. दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून पडदा धूसर दिसतो? मग मोबाइल छातीच्या उंचीवर धरा आणि मान न वाकवता खालच्या भिंगातून बघा. वर्षानुवर्षं मी मान मागे टाकून फोटो काढतोय आणि मानेच्या पट्ट्याला पैसे देतोय, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. गेंदाचे पांढरे गोळे चुन्यासारखे फटफटीत येतात, त्यावर उपाय म्हणजे पडद्यावर फुलाला बोट लावायचं आणि शेजारचं सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढायचं. मग गोळ्यातले बारीक कण दिसतात. आभाळ भरलेलं असलं की हळहळू नका, ढगांमुळे सावल्या मऊ पडतात आणि जांभळा रंग खरा उतरतो.

गुडघ्यावर बसता येत नाही त्यांच्यासाठी सहा घडीची स्टुलं आणली होती. ती वाटेवरच्या दगडावर मांडायची, फुलांत नाही. याबाबत ताई कडक होती. एका काकांनी फोटोसाठी पाऊल आत टाकलं, तर तिने सगळ्यांसमोर “काका, पाय मागे” म्हणून सांगितलं. आजूबाजूच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या हे पठार सांभाळतात, त्यांचा माणूसही लक्ष ठेवून होता. काका दुपारपर्यंत रुसले. रुसू देत.

कुमुदिनी तलावापर्यंतची चाल जवळपास सपाट, जाऊन-येऊन चारेक किलोमीटर, जुन्या राजमार्गाने. तळ्यात पांढरी झालरदार फुलं, मधे पिवळा ठिपका. दोघं-तिघं अर्ध्यातून मागे फिरले, त्यांच्याबरोबर एक माणूस परत पाठवला गेला. हे पत्रकात लिहिलेलं नव्हतं, पण झालं. ओल्या जांभ्यावर शेवाळ असतं, तेव्हा काठीचं रबरी टोक नवं आहे ना ते घरीच बघा. छत्रीचा तिथल्या वाऱ्यात उपयोग नाही, रेनकोट न्या. जेवण एका गावातल्या घरी: नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, वरणभात. ठेचा वेगळ्या वाटीत, पथ्यवाल्यांची सोय म्हणून.

रात्रीचं सत्र फसलं. दिवसभराचे फोटो पडद्यावर बघायचे ही कल्पना चांगली, पण ती जेवणानंतर नऊ वाजता? आमच्या वयात नऊला गोळ्या घेऊन आडवं व्हायचं असतं. निम्मे लोक खुर्चीतच पेंगले. सौ.च्या सीतेच्या आसवांच्या फोटोचं खूप कौतुक झालं, माझ्या मोठ्या कॅमेऱ्याच्या एकाही फोटोचं नाही. हे सत्र संध्याकाळी चहाबरोबर ठेवा एवढंच म्हणणं आहे, बाकी माझा काही आक्षेप नाही.

दुसरा दिवस. सकाळी बामणोलीला शिवसागर जलाशयात नौकाविहार आणि दुपारी ठोसेघर धबधबा. ज्याने सातारा जिल्ह्याचा नकाशा एकदा पाहिलाय त्याला कळेल की बामणोली कासच्या पलीकडे आणि ठोसेघर साताऱ्याच्या दुसऱ्या अंगाला. म्हणजे घाट उतरून साताऱ्यात यायचं आणि पुन्हा चढायचं. हे नियोजन करणाऱ्याला मी डेपोत एक दिवस तरी बसवला असता. बामणोलीचं पाणी सुंदर, तिथे दिवसभर बसलो असतो. पण तासाभरात “चला चला” सुरू झालं. नावेत चढायला फळी होती, हाताला धरायला काही नव्हतं. दोन तरुण पोरांनी एकेकाला उचलल्यासारखं आत घेतलं. त्यात मान राहत नाही, आणि पाय घसरला तर सहल तिथेच संपते. आयोजकांनी एक दोरी बांधून घ्यायला हवी होती.

ठोसेघरच्या वाटेवर सज्जनगड दिसला तशी अर्धी बस हात जोडून उभी राहिली, पण गड कार्यक्रमात नव्हता. धबधबा बघायला पायऱ्या उतराव्या लागतात, म्हणजे चढाव्याही लागतात. आम्ही सहा जण वरच बसलो आणि मक्याची कणसं खाल्ली. खाली गेलेल्यांना धुकं दिसलं.

पाचपैकी चार गुण. पहिल्या दिवसाला पाच, दुसऱ्याला जेमतेम तीन. पैसे भरण्याआधी आयोजकांना फोन करून वार कोणता, एका जागी किती वेळ थांबणार आणि मध्येच दमलं तर बरोबर कोण थांबणार, एवढं विचारून घ्या. उत्तर चाचरत आलं तर दुसरा गट शोधा.

मी हे सगळं आयोजकांना लिहून पाठवलं होतं. ताईचा फोन आला: “काका, पुढच्या वर्षी ठोसेघर काढून टाकतोय, बामणोलीलाच पूर्ण दिवस.” मी विचारलं, मग पैसे कमी होतील ना? म्हणाली, “नाही काका, तेवढेच.”