नाशिकमध्ये घरबसल्या भाडेकरार: ओटीपीची सही चालते, पण पुरत नाही

पाथर्डी फाटा असो की गंगापूर रोड, घर भाड्याने देताना सध्या दोन प्रकारच्या सेवा मिळतात आणि दोन्हींना लोक ‘ऑनलाइन अ‍ॅग्रीमेंट’च म्हणतात. घोळ तिथेच होतो.

पहिली ओटीपीवाली. संकेतस्थळावर मसुदा भरायचा, स्टॅम्प जोडला जातो, दोघांच्या आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, सही झाली. ही सही अस्सल आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ५ तिला हाताने केलेल्या सहीचा दर्जा देतं. कलम १०अ मुळे ‘मान्य आहे’वर क्लिक करून झालेला करारही केवळ इलेक्ट्रॉनिक म्हणून बाद होत नाही. (मृत्युपत्र आणि ट्रस्टला मात्र हा कायदा लागू नाही.) कोटेशन, नोकरीचं पत्र, अंबड-सातपूरच्या कारखान्यांतल्या पुरवठ्याच्या ऑर्डरी यांसाठी ही सेवा उत्तम.

भाडेकरार अडतो तो नोंदणीवर. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार तो लेखी आणि नोंदवलेला हवा, आणि जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. स्वस्तातल्या पॅकेजमध्ये हे कुणी ठळक सांगत नाही, याचा खरंच राग येतो.

म्हणून घ्यायची ती दुसरी सेवा: नोंदणी व मुद्रांक विभागाचं ई-रजिस्ट्रेशन. एजंट थंब मशीन आणि वेबकॅम घेऊन घरी येतो. मालक, भाडेकरू आणि त्यांची ओळख पटवणारे दोन साक्षीदार यांचे अंगठे आधारशी जुळवतो. दुय्यम निबंधकांनी मंजूर केलं की पीडीएफ मिळते. मुद्रांक ०.२५ टक्के: १२,००० भाडं, ११ महिने, ३६,००० डिपॉझिट असेल तर १,३२,००० अधिक डिपॉझिटवर १० टक्के दराने ११ महिन्यांचं व्याज ३,३००, म्हणजे १,३५,३०० वर. मनपा हद्दीत नोंदणी फी १,०००. हे आकडे एजंटच्या फीपासून वेगळे लिहून मागा.

अडतं बहुतेक अंगठ्यावर. वयस्कर माणसांची, यंत्रावर किंवा शेतात राबणाऱ्यांची बोटं झिजलेली असतात. ओल्या फडक्याने बोट पुसा, जमलं नाही तर दुसरं बोट लावा. आधारचं बायोमेट्रिक लॉक केलेलं असेल तर एजंट यायच्या आधी आधारच्या अधिकृत अ‍ॅपमधून उघडा.

आणि पीडीएफ जपा. अ‍ॅडोबी रीडरमध्ये त्यावरच्या डिजिटल सहीपाशी पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं म्हणजे सही खोटी असं नव्हे. संगणकाने प्रमाणपत्रावर अजून विश्वास ठेवलेला नाही इतकंच. सहीवर राइट-क्लिक करून प्रमाणपत्र ट्रस्टेड यादीत घाला, मग व्हॅलिडेट करा, हिरवी खूण येते. तीच फाइल ‘प्रिंट टू पीडीएफ’ केली किंवा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली की सही तुटते, उरतं नुसतं चित्र. पाठवायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवा, आणि मूळ फाइल मेलमध्ये ठेवा.