खुर्च्या किती आणि बोलणे किती : ‘द सायलेंट सेक्स’

प्रिन्स्टन विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने २०१४ मध्ये काढलेले क्रिस्टोफर कार्पोविट्झ आणि टाली मेंडेलबर्ग यांचे हे इंग्रजी पुस्तक एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवते : चर्चेला बसलेल्यांत स्त्रिया किती आहेत, यावर त्यांचे बोलणे आणि गटाचा निर्णय कितपत अवलंबून असतो?

त्यासाठी लेखकांनी अमेरिकेत पाच-पाच जणांचे ९४ गट बसवले. काम करून पुढे मिळणाऱ्या पैशांची वाटणी कोणत्या तत्त्वाने करायची, हे काही गटांनी बहुमताने, तर काहींनी एकमताने ठरवायचे होते. प्रत्येकाचे बोलणे स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित झाल्यामुळे कोण किती वेळ बोलले, एवढेच नव्हे तर मध्येच बोलणाऱ्याने दुजोरा दिला की विरोध केला, हेही तपासता आले. पुस्तकाचा खरा कस या बारकाव्यात दिसतो. बहुमताने निर्णय होणार असेल आणि पाचांत एक-दोनच स्त्रिया असतील, तर संख्येच्या मानानेही त्या कमी बोलतात, आणि त्यांना तोडणारे पुरुषांचे शेरे अधिक विरोधी असतात. स्त्रिया बहुसंख्य झाल्या की मुले, गरीब आणि गरजू यांचा विषय अधिक निघतो आणि सर्वांत कमी कमावणाऱ्याला द्यायच्या किमान हमीची रक्कमही वाढते. एकमताचा नियम अल्पसंख्य स्त्रियांना बळ देतो खरा, पण स्त्रिया जास्त असल्या की त्याच नियमाचा लाभ मोजक्या पुरुषांना होतो. हा निष्कर्ष मला सर्वांत मोलाचा वाटला.

मात्र प्रयोगातील माणसे चर्चेपुरती एकत्र आलेली होती. आपल्या ग्रामसभेत समोर सासरे, दीर आणि भावकी बसलेली असते, त्यामुळे हे आकडे इथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरीही महाराष्ट्रात पंचायतींमध्ये स्त्रियांना ५० टक्के आरक्षण असूनही ग्रामसभेआधी वेगळी महिला सभा घेण्याची कायद्यातील तरतूद का गरजेची ठरते, याचे उत्तर या पुस्तकातून बऱ्याच अंशी हाती लागते. ती सभा केवळ सह्यांपुरती उरकणाऱ्यांना तर ते आवर्जून वाचायला द्यावे.

मांडणी मात्र रुक्ष आहे. तक्ते आणि आलेख इतके आहेत की संख्याशास्त्राची सवय नसलेल्या वाचकाची दमछाक होते. अशा वाचकाने मध्येच बोलणे तोडण्यासंबंधीचे प्रकरण आधी वाचावे.