यामाहाचे दोन कीबोर्ड, एसएक्स९०० मेन, एसएक्स६०० बॅकअप : चौदा महिने वाजवल्यानंतर

गेल्या लग्नसराईत सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एका लॉनवर जनरेटर बदलताना लाइट गेली आणि ऐन अंतऱ्यात माझा कीबोर्ड बंद पडला. लाइट लगेच आली, पण कीबोर्ड चालू होऊन रजिस्ट्रेशन (गाण्यासाठी जतन केलेलं सेटिंग) उघडेपर्यंत गायिका नुसत्या ढोलकीवर गात राहिली. बॅकअप शेजारीच होता, पण उसना, वेगळ्या कंपनीचा. वाद्य उत्तम होतं, मला मात्र अंधारात त्याचं फिलचं (ठेक्यात मध्येच छोटा तोडा टाकायचं) बटण सापडेना. बॅकअप मेनच्याच घराण्यातला हवा, हे मला त्या रात्री कळलं.

मेन यामाहाचा पीएसआर-एसएक्स९००, तो चौदा महिने वाजवतोय. बॅकअपचा एसएक्स६०० मागाहून घेतला, त्याला आठ महिने झाले. ९००चे सब आऊट, म्हणजे मुख्य आऊटशिवायचे जादा आऊटपुट, मला फार मोलाचे वाटतात. रिदम तिकडून दिला की साउंडवाल्याला तो वेगळ्या चॅनलवर मिळतो आणि हलगीचा ठोका मेलडी दाबत नाही. स्टुडिओतही एकाच टेकमध्ये दोन्ही वेगवेगळ्या ट्रॅकवर येतात.

६००ला सब आऊट नाही, टचस्क्रीनही नाही. जॉयस्टिकऐवजी चाक असल्यामुळे पहिला महिना सनईची मींड बेसूर व्हायची. पण ९००च्या स्टाईल (आपोआप वाजणारे साथीचे ठेके) त्यावर उघडतात आणि इंट्रो, फिल, एंडिंगला हात आपोआप जातो. रजिस्ट्रेशन मात्र मी नव्यानं बांधली. आमच्याकडे पूर्व भागातल्या लग्नात तेलुगू, दुसऱ्या दिवशी कानडी, मग मराठी. कुणाची पट्टी काळी दोन, कुणाची पांढरी चार. ट्रान्सपोजसकट साठ गाण्यांना तीन रविवार गेले.

एक गोष्ट आधी माहीत असती तर बरं झालं असतं. ९००मध्ये एक्स्पान्शनला, म्हणजे बाहेरून भरायच्या जादा आवाजांच्या पॅकना, सुमारे १ जीबी जागा आहे, ६००मध्ये जेमतेम १०० एमबी. माझा ढोलकीचा मोठा पॅक तिथे मावला नाही आणि त्यावर बांधलेल्या लावणीच्या स्टाईल ६००वर ओळखू येईनात. त्यांची दुसरी आवृत्ती मी ६००च्या आतल्याच ड्रम किटवर केली. ठेका थोडा कोरडा लागतो, पण गाणं थांबत नाही.

दोन्हींना १६ व्होल्टचा एकच अडॅप्टर चालतो, म्हणून जादा एक पिशवीत असतोच. ६०० आता वेगळ्या प्लगवर, यूपीएसला लावून, त्याच गाण्यांची रजिस्ट्रेशन बँक उघडून तयार ठेवतो. मिक्सरवर तो फक्त म्यूट केलेला असतो. मे महिन्यात साउंड चेक दुपारचा असेल तर दोन्हींवर दुहेरी घडीची सोलापुरी चादर टाकतो. इथल्या उन्हात काळी बॉडी हात लावू देत नाही.

२०२४मध्ये एसएक्स९२० आला, तरी मी ९०० बदलणार नाही. इतकी गाणी हातात बसली आहेत. फक्त स्टुडिओतच काम असेल तर बॅकअपचे पैसे चांगल्या ऑडिओ इंटरफेसला (वाद्याचा आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणारं यंत्र) घाला; तिथे टेक पुन्हा घेता येतो. माझी ६००वरची बावीस गाणी अजून राहिली आहेत, ती गड्ड्याच्या यात्रेआधी (सोलापूरची जानेवारीतली सिद्धेश्वर यात्रा) बांधायची आहेत.