कहालुउ बीच पार्क (कोना, हवाई): वाळूसाठी जाल तर निराश व्हाल

हवाईच्या बिग आयलंड या बेटावर जाणार असाल आणि सोबत कोणी असं असेल की ज्याला पोहायला येतं पण बोटीतून समुद्रात उडी मार म्हटलं की पोटात गोळा येतो, तर त्यांना स्नॉर्कलिंगला (मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खालचे मासे बघायला) इथे घेऊन जा. कोना गावातून अलिई ड्राइव्हने दक्षिणेला निघालं की थोड्याच वेळात उजव्या हाताला लागतं. पार्क अगदी लहानसा आहे, शेड, शॉवर, टॉयलेट, लाइफगार्ड, एवढंच. बीच म्हणून मी दोनच स्टार देईन कारण वाळू जेमतेम आहे, तीही काळी-पांढरी मिसळलेली आणि बाकी सगळे लाव्हाचे खडक, अनवाणी चाललात तर नानी याद येते. पण मास्क लावून तोंड पाण्यात घातलं की पाचच्या पाच स्टार!

खरंच सांगते, पाणी कमरेएवढं पण नाही आणि पिवळेधम्मक टँग मासे थव्याने बाजूने जातायत. पॅरटफिश प्रवाळाचे (कोरलचे) खडक कुरतडतात त्याचा आवाज चक्क ऐकू येतो, कुर्रम कुर्रम. हे महाशय चावून गिळलेल्या खडकाची पुढे वाळू करून सोडतात, म्हणजे जी काही पांढरी वाळू तिथे आहे त्यातली बरीचशी कुठून आली ते समजून घ्या. हिरवी कासवं अगदी काठाला येऊन खडकावरचं शेवाळ खात बसतात. त्यांच्यापासून निदान १० फूट लांब राहायचं, पण कासवालाच हे कोणी सांगितलेलं नसतं, ते आपल्या अंगावर येतं, मग आपण गपचूप मागे सरकायचं.

एक गोष्ट आधी कोणी सांगत नाही. काही ठिकाणी अचानक पाणी गार लागतं आणि सगळं तेल सांडल्यासारखं धूसर दिसतं, लोक मास्क काढून पुसत बसतात. मास्कचा काही दोष नाही हो, जमिनीखालून लाव्हातून झिरपलेलं गोडं पाणी तिथे वर येतं आणि खाऱ्यावर तरंगतं. जरा खाली किंवा पुढे गेलं की परत स्वच्छ.

आता महत्त्वाचं. दमलात म्हणून मध्येच उभं राहायचं नाही! पायाखाली जे दगड वाटतात त्यातले बरेच जिवंत प्रवाळ आहेत आणि फटींमध्ये लांब काट्यांचे सी अर्चिन नावाचे गोल समुद्री प्राणी, तिकडे त्यांना वाना म्हणतात, काटा पायात मोडला की ट्रिपचे बारा वाजले. उभं राहायचंच तर वाळूचा पट्टा बघून. ओहोटीला तर पोट घासेल इतकं उथळ होतं, त्यामुळे भरतीची वेळ बघून आणि सकाळीच जा. २०१५ साली पाणी तापलं तेव्हा इथले प्रवाळ खूप मेले, आता मे महिन्यात पौर्णिमेनंतर प्रवाळांची अंडी सोडायची वेळ असते तेव्हा काही दिवस पार्क बंद ठेवतात, तर मे मध्ये जाणाऱ्यांनी आधी चेक करा. सनस्क्रीन झिंकवालंच न्या, किंवा सरळ फुल बाह्यांचा रॅश गार्ड (पाण्यात घालायचा अंगाबरोबरचा टीशर्ट) घाला, ते जास्त बरं. किनाऱ्यावर व्हॉलंटिअर्स असतात, काय करावं काय करू नये ते न कंटाळता समजावतात, स्नॉर्कलिंगचं सामानही तिथे भाड्याने मिळतं.

खाडीच्या तोंडाशी दगडांची जुनी तुटकी भिंत आहे, ती मेनेहुने नावाच्या बुटक्या लोकांनी बांधली अशी दंतकथा आहे, आपल्याकडे पांडवांनी एका रात्रीत देऊळ बांधलं म्हणतात ना तसलीच. त्या भिंतीच्या आत आहात तोवर ठीक, बाहेर लाटा फुटतात आणि तिथे सर्फर लोकांचं राज्य. उत्तरेला निळं-पांढरं छोटंसं चर्च दिसतं, फोटोला एक नंबर, पण त्या बाजूला पाण्याला बाहेर ओढ असते. उतरायच्या आधी लाइफगार्डला विचारायला लाजू नका.

ओआहू बेटावरच्या हनौमा बे सारखं बुकिंगचं झंझट इथे नाही, फक्त बाहेरून आलेल्यांना पार्किंगचे पैसे पडतात आणि जागा पटकन भरते. उशिरा गेलात तर गाडी घेऊन चकरा मारत बसाल. खायचं घेऊन जा, आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या नेल्या होत्या, पाण्यातून बाहेर आल्यावर जी भूक लागते त्यापुढे डबा पुरला नाही.