गोलाईतले चावीवाले चाचा : लेकराच्या बॅटरीवाल्या बाईकची चावी ८० रुपयात

लातुरात कुणाच्या लेकराच्या चार्जिंगवाल्या बाईकची चावी हरवली असंल तर हे वाचा, उगं हजार रुपये घालवू नका.

आमच्या घरी ती १२ व्होल्टची बाईक आहे, बाजूला दोन छोटी चाकं असलेली. चावी गेली कुठं ते देवालाच माहीत. माझा संशय तुरीच्या पोत्यावर आहे, पण पोतं आता अडत्याकडं पोचलंय. जिथून बाईक घेतली त्या दुकानात फोन केला तर म्हणे, "मॅडम, चावी सुटी येत नाही, पूर्ण पॅनल बदलावं लागंल, हजाराच्या आसपास जाईल, मागवून देतो." दुकानाचं नाव घेत नाही, पण चावी हरवली तर पॅनल कामून बदलायचं याचं उत्तर त्यांच्याकडं नव्हतं. कंपनीचं असंच असतंय म्हणे.

मग शेजारच्या वहिनींनी या चाचांचं सांगितलं. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यामुळं पत्ता सांगायची पंचाईतच आहे. गांधी चौकाकडून आलात की मधल्या देवीच्या मंदिराकडं तोंड करून कुणालाही "चावीवाले चाचा" विचारा, दाखवतेत. दुकान कसलं, एक लाकडी पेटी, वर छत्री आन तारेत ओवलेल्या चाव्यांच्या माळा. मी बाईक ऑटोत टाकून नेली होती, लेकरू पण सोबत, त्याचं रडणं वेगळंच चालू.

चाचांनी आधी डब्यातल्या जुन्या चाव्या घालून बघितल्या, कारण या खेळण्यातल्या बाईकच्या चाव्या बऱ्याचदा एकमेकींना लागतात म्हणे. एक आत गेली, थोडी फिरली आन अडकली. मग कोरी चावी घेतली, लॉकमधी घालून पकडीनं हलकंच दोन्हीकडं दाबली, बाहेर काढून उन्हात धरली. पितळेवर जिथं बारीक चकचकीत ठिपका उमटला तिथंच कानस मारायची, परत घालायची, परत बघायची. लई वेळ असंच चाललं. माझा जीव टांगणीला आन चाचा निवांत, मधीच चहा पण झाला. मग एकदम खट्ट झालं, पॅनलवरचा लाल दिवा लागला आन बाईकमधलं ते कर्कश गाणं फुल्ल आवाजात सुरू झालं, फुटपाथवरचे सगळे बघायला लागले. लेकरू लगेच बसून रेस द्यायला लागलं, कसंबसं धरलं त्याला.

चावीचे ८० रुपये. लगेच दुसरी पण करून घेतली, नमुना हातात असल्यावर तिला काहीच वेळ लागत नाही, तिचे ३० घेतले.

मी विचारलं की दोन वायर जोडून डायरेक्ट करता येत नाही का, कारण आमच्या दिरांनी तेच सुचवलं होतं. चाचा म्हणाले, "ताई, होतंय की, आत दोन वायरचा साधा स्विचच आहे, चिप-बिप काही नसती. पण मग गाडी कायम चालूच राहणार, लेकरू घरात असंल तवा कधी पण रेस देईल." पटलं मला. बॅटरी पण उतरत राहते आन चार्जिंगला लावताना स्विच बंद ठेवायचा असतो ते राहूनच जातं. चावी म्हणजे आईबापाच्या हातातला एकुलता एक ब्रेक आहे, तो कशाला काढायचा.

लॉकच खराब झालं असंल तर दोन चाव्यांसकट नवीन स्विच ऑनलाइन मिळतो, पण मागवायच्या आधी पॅनलवरच्या भोकाचं माप घ्या आन मागं किती पिना आहेत ते बघा. वहिनींनी न बघता मागवला तो भोकात बसेना, तीन पिनांचा आला ते वेगळंच. बसवताना आधी बॅटरीचं कनेक्शन काढायचं, मागचा नट सैल करायचा, जुन्या वायरी होत्या तशा नव्याला लावायच्या. दोन पिनांच्या साध्या स्विचला वायरी उलटसुलट झाल्या तरी फरक पडत नाही. आन चावी मिळेपर्यंत बाईक कोपऱ्यात पडून असंल तर मधून मधून चार्ज करा, या लेड ॲसिड बॅटऱ्या उतरलेल्या अवस्थेत पडून राहिल्या की कामातून जातेत, मग चावी मिळून पण उपयोग नाही.

चार स्टार देते. एक कापला कारण चावीच्या कडा धारदारच ठेवल्या होत्या, मी सांगितल्यावर पॉलिश पेपर मारून दिला. लेकराच्या हातात जाणारी चीज आहे, आपण होऊन करायला पाहिजे होतं. फोनपे चालतं, बिल मिळत नाही. शुक्रवारी दुपारी नमाजला जातेत तेव्हा पेटी बंद असते, सकाळीच जा. बाईक पूर्ण न्यायची गरज नाही, मेकॅनिककडून लॉक खोलून नेलं तरी करून देतेत, ऑटोचे पैसे वाचतेत.